मनकवड्याचे नियम

दिग्रसच्या बाहेर जी जिनिंग आहे, तिच्या शेडमध्ये कापसाच्या भर हंगामातही एवढी गर्दी मी पाहिली नव्हती. ऑगस्ट महिना, वार गुरुवार. यंत्रांवर ताडपत्री, कोपऱ्यात गेल्या सालच्या सरकीचा वास, आणि मधे किमान हजार माणसं. बरं, हजार नसतील. चारशे धरा. माझ्या तोंडून निघालेला आकडा निम्म्याहून थोडा कमी केला की खरा होतो, असं आमच्या गल्लीतली पोरं सांगतात.

चौरंगावर मनःसागर महाराज बसले होते. डोळ्यांवर तीन पदरी पिवळी पट्टी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत भगवी शाल. शेजारी त्यांची शिष्या कोकिळामाय. हात भरून हिरव्या बांगड्या आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाची माया. बाबा ना नाव विचारत, ना गाव. माणूस समोर येऊन बसला की कोकिळामाय शालीतला बाबांचा हात हाती घेई. बाबांच्या अंगातून वारं गेल्यासारखी थरथर होई, आणि बाबा समोरच्याचं मन वाचू लागत.

पहिला बसला एक शिंपी.

"बालका!" बाबा गरजले. "तुह्या मनात एक चाक फिरून राह्यलं. गरगर, गरगर. पण धागा तुटते!"

"मशीन, बाबा! शिलाई मशीन! आठ दिवसांपासून..."

"बोलू नोको! मी वाचून राह्यलो. मोबाईलले टॉवर लागते, मनाले टॉवर लागत नाही. हे तरंग आहेत, तरंग! परदेशातले शास्त्रज्ञ आता कुठं इथवर पोचून राह्यले. आमचं पाठ होऊन झालं!"

शेड दणाणलं. मग तांड्यावरची धनीबाई बसली. "चार पाय... कपाळावर चांद... तुले सोडून गेलं," बाबा म्हणाले, आणि धनीबाईनं तिथंच गळा काढला, कारण तिची शेळी खरोखरच परवापासून बेपत्ता होती. शेळी कुठं आहे ते मात्र बाबांनी सांगितलं नाही. त्यांना धनीबाईचं मन वाचता येत होतं, शेळीचं नव्हतं.

मागच्या खांबाला टेकून मीही तोंडात बोट घातलं. खोटं कशाला बोलू? म्हणजे एरवी बोलतो. टिपेश्वरच्या जंगलातल्या वाघानं माझ्याकडे बिडी मागितली, ही गोष्ट मी तीस वर्षं सांगत आलोय आणि दरवर्षी वाघ एक-एक बिडी जास्त मागतो. पण समोर पट्टी बांधलेला माणूस परक्याच्या शेळीच्या कपाळावरचा चांद सांगतो, म्हटल्यावर माझ्या वाघाचंही काही चालेना.

तेवढ्यात आमच्या शेजारची मथुराबाई पुढं सरकली. बरोबर तिची शीला. नवरा नागोराव एस.टी.वर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. म्हणून एस.टी. नागोराव चालवी आणि घर मथुराबाई. शीला एकुलती एक. बारावी झालेली, बी.एस्सी. नर्सिंगच्या यादीत नाव लागलेलं. पोरीला परगावी पाठवावं की नाही, एवढं विचारायला मथुराबाई आली होती.

बाबा थरथरले. "बालके, लेकीचा घोर आहे तुले. दूर पाठवून राह्यली. अ... अ... अमरावती! आता मी पोरीच्या मनात उतरतो. उतरलो! अरेरे. इथं तं एक पोट्टा बसला आहे. दुचाकीवाला. माय, ही शिकाले जात नाही, ही पळाले जाते. हिले वेस ओलांडू देऊ नोको. पुढच्या गुरुवारी ये, त्या पोट्ट्याले मनातून बाहेर काढतो अन् धागा बांधून देतो."

चारशे माणसं वळून शीलाकडे पाहू लागली.  शीलानं ओढणी मुठीत धरली, इतकी घट्ट, की मला मागून तिची बोटं पांढरी पडलेली दिसली.

आता तुम्हाला आमचा रविवारचा खेळ सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझी नात आभा यवतमाळला कॉम्प्युटर शिकते, शनिवार-रविवार घरी येते. तिकडे ती कागद-पेन्सिल आणि फाशांचा एक खेळ शिकली आणि आता स्वतःचा तसलाच मराठी खेळ तयार करते आहे. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. प्रत्येक पात्राचा पेशा ठरलेला. लढवय्या, चोर, वैदू, चेटक्या. याला ही पोरं क्लास म्हणतात. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं आणि वीस तोंडांचा फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. म्हणजे थापाच, पण नियमानं. थापांना नियम असू शकतात हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं, आणि फुकट गेलेल्या आयुष्याबद्दल फार वाईट वाटलं.

टेबलाशी आम्ही चौघं. गोष्ट चालवणारी आभा. मी वैदू. शाळेत गणित शिकवणारे संघदीप सर चोर होते, पण चोरी करण्याआधी मालकाला विचारायचे, म्हणून अजून त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. आणि चौथी शीला. तिच्याकडे आभानं मोठं काम दिलं होतं. खेळात नवा क्लास आणायचा होता, मनकवडा, आणि त्याचे नियम शीलानं लिहायचे होते.

पहिला खर्डा तिनं महिन्याभरापूर्वी आणला होता. "मनकवड्याला कोणाच्याही मनातलं कळतं." एवढंच. आम्ही तो खेळून पाहिला. राजाला विष कोणी घातलं हे शोधायची गोष्ट आभानं तीन आठवडे खपून रचली होती. शीलाच्या मनकवड्यानं दरबारात पाय ठेवला, सगळ्यांच्या मनांत एकेकदा डोकावला आणि चहा उकळायच्या आत गुन्हेगार धरून दिला. आभा असली चिडली!

"ही शक्ती नाही, हा आळस आहे! शक्ती लिहायची तं चार गोष्टी लिही. किती अंतरावरून चालते? कशाच्या आधारानं चालते? कधी चालत नाही? अन् समोरच्याले ती अडवता येते का?"

"चौथी कायले?" मी विचारलं.

"आजोबा, मन त्याचं आहे ना!" आभा म्हणाली. "त्याले नाही म्हणाचा फासा भेटलाच पाहिजे."

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी शीला आली, वही टेबलावर ठेवली, पण फाशाला हात लावला नाही.

"खेळ ना व," आभा म्हणाली.

"आईनं कागदपत्रं कपाटात ठेवून कुलूप लावलं," शीला म्हणाली. "येत्या शुक्रवारी पाचपर्यंत कॉलेजात हजर नाही झाली तं जागा जाते. एस.टी.वरच्या माह्या बाबांले फोन केला. ते म्हणते, आईले विचार. अन् आई म्हणते, बाबानं वाचलं."

संघदीप सर हळूच म्हणाले, "अन् तो पोट्टा?"

"सर, तुमी पण?" शीलाचे डोळे भरले. "कोनी नाही हो! अन् असता तरी माह्या मनात काय आहे ते मले न विचारता चारशे लोकायले सांगाचं? मले तं नाही म्हणाचा फासा भेटलाच नाही."

  मग शीलानं डोळे पुसले आणि म्हणाली, "अन् त्यानं वाचलं तेही चुकीचं वाचलं. अमरावती पहिल्या यादीत होती. गुरुवारी सकाळीच दुसरी यादी आली, तिच्यात मले यवतमाळ भेटलं. आईले संध्याकाळी सांगणार होती, जवळचं गाव म्हणून खूश होईन असं वाटलं. माह्या मनात उतरला असता तं यवतमाळ दिसलं असतं ना?"

"मंग आईले सांगितलं का हे?" मी विचारलं.

"सांगितलं! तं म्हणते, बाबाले पुढचं दिसते, तुह्यं यवतमाळ बदलून अमरावती होईन."

संघदीप सरांनी कपाळावर हात मारला. "घ्या! बाबाचा फासा फसला तरी बाबाच जिंकला."

आभा मात्र वही ओढून बसली होती. तिच्या डोळ्यांत ती चमक होती, जी घराण्यात माझ्याकडून आली, असं मी सांगतो आणि तिची आजी नाकारायची.

"शीले, तुले मनकवड्याचे नियम लिहाचे आहेत ना? हा बाबा एक मनकवडा आहे असं समज. याचे नियम काढू. अंतर किती?"

"समोर बसला तरच वाचते," शीला म्हणाली. "मागच्या खांबाजवळच्याचं वाचत नाही."

"कशाच्या आधारानं?"

"शाल... कोकिळामाय हात धरते तवाच सुरू होते."

"कधी चालत नाही?"

"हे नाही माहीत."

"मंग सोमवारी पाहून ये," आभा म्हणाली. बाबांची बैठक सोमवारी आणि गुरुवारी असे.

सोमवारी मी आणि शीला गेलो. यावेळी मी खांब सोडून चौरंगाच्या अगदी बगलेला बसलो. शीलाच्या हाती वही. तिनं काय टिपलं ते ऐका. कोकिळामाय रांगेत दहा-दहा जणांना आकड्याची चिठ्ठी वाटते. वाटताना प्रत्येकाचा हात हातात घेऊन विचारते, "काय झालं माय? दमली दिसते." दमलेल्या माणसाला एवढं विचारलं की तो काय थांबतो? शेळीपासून सासूपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. दहा जण झाले की कोकिळामाय पडद्यामागं बाबांना दूध द्यायला जाते. दुधाला पंधरा मिनिटं लागतात. मग बाबा पट्टी बांधून बाहेर येतात आणि दहांची मनं वाचतात. त्या दहांत एक पोलीसपाटील होते. ते रांगेत गप्प राहिले, कोकिळामायला म्हणाले, "बाबाले सगळं समजते, तुले कायले सांगू?" त्यांच्या पाळीला बाबांनी एक लांब ॐ म्हटला आणि सांगितलं, "तुह्यं मन कोरं आहे, तू पुण्यवान."

"आजोबा," शीला माझ्या कानाशी लागली, "न बोललेलं वाचता येत नाही. हा झाला तिसरा नियम. पण पट्टी खरी आहे. मंग समोर शिंपी आहे का पाटील, हे त्याले कसं समजते?"

 माझी नजर कोकिळामायच्या कोपरावर खिळली होती.

आता ही थाप नाही, नीट ऐका. मी तीस वर्षं बैलबाजारात पावत्या फाडल्या. बैलाचा भाव चारचौघांत कोणी तोंडानं बोलत नसे. दोन दलाल हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा करत. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. पंजा दाबून पुन्हा एक बोट धरलं की सहा. बघणाऱ्याला नुसता रुमाल दिसे. पण तीस वर्षं बसल्यावर मला रुमालाकडे बघायची गरज उरली नव्हती. बोटाच्या हालचालीनं कोपर हलतं. कोपर पाहून मी भाव सांगायचो, आणि नवखे शेतकरी मला मनकवडा समजायचे. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, हा माझा अपराध आहेच.

कोकिळामायनं शाल नीट केली. कोपर हललं. तीन. समोर तिसऱ्या चिठ्ठीवाला. पुढचा आला. कोपर हललं. चार.

"शीले," मी म्हणालो, "हा मनकवडा नाही. हा बैलबाजार आहे."

आभा त्यासाठी एक दिवस जास्त राहिली होती; संध्याकाळी टेबलाशी मी रुमाल टाकून पोरांना बोटांची भाषा शिकवली. आभा तर खुर्चीवरून उठलीच. "म्हणजे बाबानं दहा गोष्टींचा तक्ता पाठ केला आहे. ती फक्त आकडा सांगते. आपल्याच फाशासारखं! आकडा आला की तक्त्यातली ओळ वाचाची!"

"मग सरळ शेडात उभं राहून सांगू," संघदीप सर म्हणाले.

"अन् मथुराबाई ऐकन?" मी म्हणालो. "यवतमाळ सांगून झालं ना. सर, सांगितलेलं माणूस विसरते, हसलेलं विसरत नाही."

शीला रुमालाखाली आभाची बोटं धरून बसली होती. तीन, चार. तीन, चार. मान वर न करता ती म्हणाली, "पट्टी बांधली म्हणजे हात कोणाचा, हे त्याले दिसत नसंन."

गुरुवार आला. मथुराबाई धागा बांधून घ्यायला पोरीला घेऊन निघाली. शीलानं त्या दिवशी हात भरून हिरव्या बांगड्या घातल्या होत्या. मथुराबाईला वाटलं, पोरगी सुधारली.

रांगेत मी त्यांच्या पुढं उभा राहिलो. मला तीन नंबरची चिठ्ठी मिळाली, मथुराबाईला चार नंबरची. कोकिळामायनं माझा हात हातात घेतला. "काय झालं बावा? दमले दिसता."

एवढी सुवर्णसंधी मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. मी डोळ्यांत पाणी आणलं.

"माय, चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, बोहल्यावर काही चढलो नाही. चौऱ्याहत्तर साली माहूरच्या जत्रेत एक बाई दिसली होती. तिनं मले भजं देल्लं. तवापासून तिची वाट पाहून राह्यलो. पण घरी एक पांढरा बैल आहे, तो लग्नाचं नाव काढलं की रुसते, चार-चार दिवस कुटार खात नाही. अन् मिशी पण पिकली, माय!"

खरं सांगायचं तर माझं लग्न रीतसर झालं होतं, बैल मी कधी पाळला नाही आणि मिशी कधी ठेवली नाही. भजं मात्र खरं होतं. कोकिळामायनं "अगं माई!" म्हणून माझी पाठ थोपटली आणि पुढं सरकली. माझ्या गुळगुळीत ओठाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. दहा जणांचं ऐकायचं तर चेहरे बघायला वेळ कुठला?

मग दूध झालं. पट्टी झाली. पहिला बसला, दुसरा बसला. दोघांची मनं बरोब्बर वाचली गेली. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो, उलट दाराकडे गेलो आणि तिथं चौरंगाकडे तोंड करून धाडकन आडवा झालो. म्हातारा पडला की गर्दीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणी कांदा शोधतं, कोणी चप्पल हुंगवतं. कोकिळामाय धावत आली. बैठकीत माणूस मेला तर बाबांची शोभा जाईल. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि डोळे किलकिले करून चौरंगाकडे पाहत राहिलो.

"काय गलबला आहे?" पट्टीतले बाबा ओरडले. "पुढचं लेकरू आणा!"

शीलानं आईला हाताला धरून चौरंगासमोर बसवलं. स्वतः बाबांच्या शेजारी कोकिळामायच्या जागी बसली, शाल नीट केली आणि हात आत घातला. बांगड्या वाजल्या. तिनं बाबांची तीन बोटं धरली.

बाबा थरथरले. "बालका!"

मथुराबाईनं इकडं तिकडं पाहिलं.

"बालका, चौऱ्याहत्तर वर्षांचं ब्रह्मचर्य तुह्यं! धन्य आहेस! तुह्या मनात एक स्त्री आहे. माहूर... माहूर दिसून राह्यलं. तिच्या हातात भजं आहे!"

 मग कुठून तरी एक खुसखुस आली.

"हसू नका! प्रेम आहे हे! पण तुह्या लग्नाच्या आड एक पांढरा बैल उभा आहे, बालका. तो रुसते. भिऊ नोको. सात शुक्रवार मिशीले तिळाचं तेल लाव, बैल बाजूले होईन, अन् ती स्त्री तुह्या दारी चालत येईन!"

आता शेड फुटलं. पत्रे थडथडले. शिंपी खांबाला धरून हसत होता, धनीबाई पदरात तोंड घालून. मथुराबाई दोन्ही हात ओठांवर ठेवून बसली होती, जणू तिथं खरोखर मिशी उगवली की काय, ते चाचपून पाहत होती.

"बाबा, मी मथुरा आहे! मी बाई आहे!"

बाबा गडबडले. हसण्याच्या गलक्यात आवाज कोणाचा, हे त्यांना कळलं नसावं. शीलानं त्यांना सावरायला वेळ दिला नाही. तिनं आत चार बोटं धरली.

"हा, हा, आता तरंग स्वच्छ झाला," बाबा घाईनं म्हणाले. "बालके, तू लेकीचा घोर घेऊन आली. लेक अमरावतीले जाते म्हणते. हिच्या मनात पोट्टा आहे, दुचाकीवाला..."

"कोणतं गाव, बाबा?" शीलानं विचारलं.

"अमरावती! सांगितलं ना, अमरावती!"

मथुराबाईचे हात ओठांवरून खाली आले. ती अगदी हळू बोलली, पण हसणं ओसरत होतं म्हणून मला दारापर्यंत ऐकू आलं. "अमरावती तं मी सांगितली होती त्या बाईले, गेल्या गुरुवारी, पोरगी मागं होती तवा. पोट्ट्याची भीती पण मीच सांगितली. रांगेत. म्या म्हटलं होतं, आजकालचे पोट्टे दुचाकी घेऊन फिरते, माही पोरगी भोळी आहे." मग ती शीलाकडे वळली. "म्हणजे हे तुह्या मनातलं नाही व. हे माह्या मनातलं आहे."

शीलानं शाल ओढून बाजूला केली. सगळ्यांना दिसलं. पोरीच्या मुठीत बाबांची चार बोटं, आणि कोकिळामाय तिकडं दाराशी माझ्या उशाला.

मी उठून बसलो. "बाबा," मी ओरडलो, "तिळाचं तेल घाणीचं लावू का पाकिटातलं?"

बाबांनी पट्टी काढली. समोर काय आहे ते पाहिलं, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "आज वायुमंडल दूषित आहे." ते अंगावर शाल घेऊन पडद्यामागं गेले. मागून दोन-चार तरणे पोट्टे बाह्या सरसावून निघाले होते, त्यांना गर्दीत मागं उभ्या असलेल्या संघदीप सरांनी दारात अडवलं. "हात नाही लावाचा. ठाण्यात चला, सही करा, जादूटोण्याविरुद्धचा कायदा त्याच्यासाठीच आहे." आणि सर खरंच गेले. ज्यांनी आयुष्यात चोरीसुद्धा विचारून केली, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.

कोकिळामाय माझ्याजवळच बसून राहिली होती. मी विचारलं, "बोटं कुठं शिकली, बाई?"

"बाप दलाल होता," ती म्हणाली. "रुमाल धराले कोनी नसलं की मले बसवे."

"हात सफाईदार आहे तुहा. कोपर तेवढं आवर."

ती हसली नाही. बांगड्या मागं सारत म्हणाली, "लोकं सांगतच होते, आजोबा. आम्ही कोणालेच कधी जबरदस्तीनं विचारलं नाही." हे मात्र खरं होतं, आणि याच खऱ्याचं मला अजून कोडं आहे.

म्हणून जे आता सांगतो, ते थापाड्यानं सांगितलं म्हणून सोडून देऊ नका. कोणी तुमच्या मनातलं ओळखलं की टाळी वाजवायच्या आधी चार गोष्टी विचारा. हे मी आजवर कोणाकोणाला सांगितलं? हा कोणाच्या जवळ बसल्यावरच ओळखतो? कधी ओळखता येत नाही? आणि चुकला, तर चूक कबूल करतो की नियम बदलतो? ही एवढी तपासणी माझी नात कागदावरच्या खोट्या खोट्या मनकवड्यालासुद्धा माफ करत नाही. खऱ्याखुऱ्या लेकीचं आयुष्य ज्याच्या शब्दावर ठरवायचं, त्याला मग का माफ करायची?

त्या रात्री मथुराबाईनं कपाटाचं कुलूप काढलं. शुक्रवारी सकाळी यवतमाळच्या एस.टी.त शीला खिडकीशी बसली, मांडीवर कागदांची फाईल. मथुराबाई शेजारी. मी मागच्या सीटवर, कारण म्हाताऱ्याला अर्ध्या तिकिटात फिरायला मिळतं.  दारव्हा येईपर्यंत मला मागून दोघींच्या नुसत्या मानाच दिसत होत्या, आणि दोन्ही सारख्याच ताठ.

दारव्हा सुटल्यावर मथुराबाईनं घसा साफ केला.

"शीले."

"हं."

"तुह्या मनात काय आहे व?"

शीला खिडकीबाहेर पाहत होती. वळली. बहुधा हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

"नर्स व्हाचं आहे," ती म्हणाली. "अन् होस्टेलची भीती वाटून राह्यली. रक्त पाहून चक्कर आली तं काय करीन, हे पण आहे. तुले सांगाचं नव्हतं, म्हणलं मंग तू पाठवणार नाही."

"अन् पोट्टा?"

"नाही. होईन तवा तुले सांगीन."

 मथुराबाईनं फाईल पोरीच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, एकेक कागद नीट लावला, आणि म्हणाली, "रक्ताची सवय होते. मले पण झाली होती, तू झाली तवा."